मागची डावी सीट

१

ब्रह्मा घाटावर कुणी विचारलं की मुलगा काय करतो, तर नाना सांगत, "गाड्या हलवतो." चेष्टेत सांगत, पण खोटं काही नव्हतं. यज्ञेश पुणतांबेकर गंगेपलीकडे, रामनगरला, वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर होता. बाजारात न आलेली नवी गाडी अंगभर सेन्सर लावून रस्त्यावर फिरवायची, चाकांना बसलेला एकेक धक्का नोंदवून आणायचा, आणि मग कंपनीच्या हॉलमध्ये तीच गाडी चार यांत्रिक खांबांवर उभी करून तोच रस्ता तिला पुन्हा पुन्हा भोगायला लावायचा. गाडी जागची हलत नाही, पण तीन आठवड्यांत जन्माचे हाल सोसते. बनारसचे रस्ते ह्या कामाला इतके नामी की पुण्याच्या हेड ऑफिसातले लोक त्यांचं तोंड भरून कौतुक करत. रोज त्यावरून जायचं नसलं की कौतुकाला काय जातं!

फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी सकाळी सहाला तिघंजण एक नवी इलेक्ट्रिक व्हॅन घेऊन निघाले. यज्ञेश, नोंदी सांभाळणारी हिमानी आणि ड्रायव्हर लल्लन. हिमानीचे वडील रेल्वेत होते, मुगलसरायला वाढलेली मुलगी, अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी बोलायची. गोदौलियाला व्हॅन उभी करून तिघं मुन्शी घाटावर चहा प्यायले आणि उठता उठता यज्ञेशच्या लक्षात आलं की आपण नेमके तिघं आहोत.

तिघांनी मिळून कामाला निघू नये, हे आईने त्याला लहानपणीच सांगून ठेवलं होतं. निघावंच लागलं तर एक खडा उचलून बरोबर घ्यायचा, तो चौथा. पुष्कळ मराठी घरांत असं करतात, त्यात नवल काही नाही. पण आई तो खडा घरच्या उंबऱ्याजवळून उचलायची आणि परतल्यावर तिथेच ठेवायची. यज्ञेशने घाटाच्या पायरीवरून उचलला. गंगा उतरलेली होती, खालच्या पायऱ्यांवर गाळ सुकला होता, आणि त्यात मुठीत मावेल एवढा काळा दगड पडला होता. त्याला वाळकी गवताची काडी आणि दोन-चार तीळ चिकटले होते, ते त्याने अंगठ्याने पुसून टाकले.

लल्लनला हसू फुटलं. "ई का, सर? पत्थर का भी टिकट कटी?"

"चौथी सवारी है," यज्ञेश म्हणाला. मागच्या उजव्या सीटवर हिमानी लॅपटॉप उघडून बसली होती. तिला हसवायला म्हणून त्याने तो दगड तिच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवला, हात जोडले आणि कंबरेत वाकून म्हणाला, "बसा."

गाडी सुटली. लंका चौक, सामने घाट, पूल, रामनगर. कामाच्या गडबडीत दगडाची पुढे कुणाला आठवणही राहिली नाही.

२

"सर, तुमचा तो दगड किती किलोचा होता?" शनिवारी हिमानीने विचारलं.

"असेल पाऊण किलो. का?"

"मग ये देखिए."

प्रत्येक सीटखाली वजन मोजणारा सेन्सर होता. ड्रायव्हरच्या सीटवर लल्लन, पुढे यज्ञेश, मागे उजवीकडे हिमानी, तिघांचीही वजनं पडद्यावर बरोबर उमटली होती. मागची डावी सीट गोदौलियापर्यंत शून्य होती. गोदौलिया सुटल्यापासून रामनगर येईपर्यंत तिथे अठ्ठेचाळीस किलो होते.

यज्ञेश हसला. सेन्सर खोटं बोलतात, हे ह्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकतात. वायर कुठे दबली असेल, सर्दाळ हवेने काही झालं असेल. त्याने सेन्सर काढून नवा बसवला. नव्यानेही अठ्ठेचाळीस दाखवले. व्हॅन तेव्हा हॉलमध्ये उभी होती आणि तिच्यात कुणी नव्हतं, नुसता तो दगड सीटच्या आणि पाठीच्या फटीत घसरून बसला होता. यज्ञेशने दगड काढून टेबलावर ठेवला. आकडा जागचा हलला नाही. त्याने वाळूची वीस किलोची पिशवी सीटवर ठेवली तेव्हा पडद्यावर अडुसष्ट आले. पिशवी उचलली, परत अठ्ठेचाळीस.

बिघडलेला सेन्सर असा वागत नाही. बिघडलेला सेन्सर वाट्टेल ते दाखवतो, हा तर बेरीज-वजाबाकी चोख करत होता.

"तू शेजारी होतीस, तुला काही जाणवलं?" त्याने उगाचच विचारलं.

हिमानीने आपल्या खांद्याकडे पाहिलं. "वळणावर माझ्या खांद्याला काहीतरी टेकत होतं. मला वाटलं, बॅग असेल." आणि मग हळूच, "बॅग तर पायाशी होती, सर."

संध्याकाळी पुण्याहून साहेबांचा फोन आला. ज्यांची गाडी ते लोक गुरुवारी बघायला येणार, तोवर नोंदी स्वच्छ हव्यात. "तुझ्याने होत नसेल तर व्हॅन इकडे पाठव, आणि तूही इकडेच ये. कायमचा. तिथलं युनिट आपण चालवतोय ते तुझ्या भरवशावर."

पुण्याला जाणं यज्ञेशने दोनदा टाळलं होतं. त्याचं कारण नाना. काशीनाथशास्त्री पुणतांबेकर, वय अठ्ठ्याहत्तर, घाटावर पन्नास वर्षं लोकांची श्राद्धं-पक्ष चालवलेला माणूस. बायको गेल्यावर त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे मरेपर्यंत काशीची शीव ओलांडायची नाही. चौदा वर्षं झाली. रामनगर समोर दिसतं, तिथल्या किल्ल्याचे दिवे घाटावरून मोजता येतात, पण तो काठ काशीत नाही. तिथे आलेलं मरण काशीतलं नव्हे. "मला ह्या काठावर जाऊ दे, बाकी काही नको," एवढंच नानांचं मागणं होतं. यज्ञेशने त्यांच्या पायाला हात लावून शब्द दिला होता की ते मी बघेन, तुम्ही काळजी करू नका.

३

सोमवारी व्हॅन चार खांबांवर चढवली आणि शुक्रवारचा रस्ता सुरू केला.

हॉलला खिडक्या नव्हत्या. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली रिकामी व्हॅन धडधडत होती. चाकं फिरत नव्हती, नुसती वरखाली नाचत होती. यज्ञेश आणि हिमानी काचेपलीकडच्या खोलीत पडद्यापुढे बसले होते. गोदौलियाचे खड्डे गेले. लंकेचं वळण आलं.

डाव्या सीटवरचा भार एका अंगाला झुकला.

यज्ञेशने नोंद मागे नेली आणि तेवढाच तुकडा परत चालवला. भार परत झुकला, वळण संपताच सरळ झाला. खांब गाडीला वरखाली करतात, वळवत मात्र नाहीत. हॉलमध्ये कुठलंही वळण नव्हतं. वळणावर अंग सावरायचं, हे ज्याला रस्ता आठवतो त्यालाच सुचणार.

"कंपन असेल," तो म्हणाला. "रेझोनन्स वगैरे."

"जी," हिमानी म्हणाली. दोघांनाही ते पटलं नाही.

मग पूल आला. पुलाच्या सांध्यांचे धक्के एकेक करून खांबांतून जाऊ लागले आणि डाव्या सीटवरचं सगळं वजन पुढच्या कडेवर आलं. म्हातारी माणसं गाडीत पुढे सरकून, समोरची पाठ धरून बाहेर बघतात तसं. पूल संपून रामनगरचा काठ लागला तेव्हा आकडा थरथरायला लागला. सत्तेचाळीस, एकोणपन्नास, सत्तेचाळीस. रस्ता संपला, खांब थांबले, हॉल शांत झाला, तरी तो थरथरतच होता.

त्या शांततेत व्हॅनमधून बारीक टिंग टिंग वाजू लागलं. मागच्या सीटवर माणूस बसलंय आणि त्याने बेल्ट लावलेला नाही, अशी गाडी तक्रार करत होती. नव्या गाड्यांत ते असतंच. यज्ञेशने हज्जारदा ऐकलं होतं ते, पण त्या दिवशी त्याला उठून आत जाववेना.

थोड्या वेळाने वाजणं आपोआप बंद झालं.

"बंद कसं झालं?" हिमानी कुजबुजली.

ते बंद व्हायच्या दोनच रीती होत्या. सीटवरचं माणूस उठलं तर, नाहीतर त्याने बेल्ट लावला तर. पडद्यावर अठ्ठेचाळीस होते.

दोघं मिळून आत गेले. यज्ञेशने दार सरकवलं. डाव्या सीटचा बेल्ट ओढलेला होता आणि खटक्यात नीट बसवलेला होता. पट्टा सीटला चिकटलेला नव्हता. सीटपासून वीतभर पुढे, हवेत, काहीतरी आवळून धरल्यासारखा ताणलेला होता.

४

त्या दिवशी हिमानी घरी लवकर गेली. यज्ञेशने टेबलावरचा दगड रुमालात गुंडाळला, पूल ओलांडला, थेट मुन्शी घाट गाठला आणि भर दुपारी, आंघोळी करणाऱ्यांच्या घोळक्यात, तो दगड होता त्या पायरीच्या पुढे पाण्यात सोडला. परत येताना त्याला इतकं हलकं वाटत होतं की सामने घाटाला थांबून त्याने लस्सी प्यायली. आईचे संस्कार म्हणजे काय चीज असते बघा, असं मनाशी म्हणून तो स्वतःला हसलासुद्धा.

मंगळवारी सकाळी पडद्यावर अठ्ठेचाळीस होते.

हिमानी यायच्या आत तो एकटाच व्हॅनपाशी गेला. इकडेतिकडे पाहिलं. शिकलेला माणूस, लाज वाटत होती. मग दार उघडून तो रिकाम्या सीटला हलक्या आवाजात म्हणाला, "उतरा आता. आलं तुमचं ठिकाण."

हवेत ताणलेला पट्टा छातीसारखा एकदा वर झाला आणि खाली आला. बाकी काही झालं नाही. यज्ञेश दार लोटून मागे हटला तेव्हा त्याला दिसलं की डाव्या खिडकीच्या काचेवर, आतल्या बाजूने, वाफेचा एक वाटोळा डाग धरला होता. तोंड काचेला लावून बाहेर बघत बसलं की धरतो तेवढा. खिडकीचं तोंड होतं हॉलच्या भिंतीकडे, आणि त्या भिंतीपलीकडे कोसभरावर गंगा होती.

५

घरी यज्ञेशची बायको कस्तुरी पोळ्या लाटत होती आणि नाना झोपाळ्यावर बसून पान जमवत होते. यज्ञेश जेवला नाही. नानांनी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा म्हणाले, "यज्ञा, बोल."

त्याने सगळं सांगितलं. नाना हसतील अशी त्याला आशा होती. ते हसले असते तर केवढं बरं झालं असतं. पण दगडाला गवताची काडी आणि तीळ होते, हे ऐकल्यावर त्यांच्या हातातलं पान तसंच राहिलं.

"गवत नव्हे ते. दर्भ," ते म्हणाले. "तो जीवखडा होता कुणाचातरी. माणूस गेलं की दहा दिवस ते त्या दगडात असतं. रोज पाणी द्यायचं आणि दहाव्याला गंगेत सोडायचं. पण लोकांना आताशा जल्दी असते. महाराष्ट्रातून येतात, बरोबरचं म्हातारं माणूस इथे जातं, मंडळींचं परतीचं रिझर्वेशन असतं. चार-पाच दिवसांत दगड पायरीवर ठेवतात आणि स्टेशन गाठतात."

"मी परत सोडला ना, नाना. पाण्यात."

"दगड परत नेलास. त्याला नाही नेलंस. त्याला तू हात जोडून बसा म्हणालास आणि पार घेऊन गेलास. काशीत मेलेलं माणूस, यज्ञा! सुटायच्या बेतात होतं. त्याला तू पलीकडे नेऊन ठेवलंस."

यज्ञेशला रडू आलं. "मी म्हणालो उतरा. नाही उतरत."

"तुझ्या म्हणण्याने कसं उतरेल? ज्याने फसवलं त्याच्या शब्दावर कोण उठतं?" नानांनी पान खाली ठेवलं. मग ते म्हणाले, "मी येतो उद्या."

कस्तुरी पोळपाट सोडून बाहेर आली. "नाना, तुमचा नेम आहे!"

"आहे ना. पन्नास वर्षं मी लोकांची माणसं पार लावली, त्यावर हे घर चाललं. आणि माझ्या पोराने एकाला उलटं नेलं. ते तिकडे ठेवून मी इथे कसा मरू?"

"तिकडे तुम्हाला काही झालं तर?" यज्ञेशने विचारलं.

"जायचं, त्याच्याजवळ बसायचं, बोलत बोलत ह्या काठाला आणायचं, पाणी द्यायचं. तासाभराचं काम. तासाभरात काय होतंय मला?" नाना म्हणाले, पण बोलताना त्यांनी यज्ञेशकडे बघितलं नाही.

६

बुधवारी सकाळी दहाला नाना रिक्षातून पूल ओलांडून आले. पूल संपेपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले होते. हॉलमध्ये व्हॅन खांबांवरून खाली उतरवून ठेवलेली होती. हिमानीने वाकून नमस्कार केला, म्हणाली, "मी पण येते, सर."

"नको, पोरी," नाना म्हणाले. "तू इथेच थांब."

ते डाव्या दारापाशी गेले. आत काय आहे ते बघण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. घरी पाहुणं आल्यावर विचारावं तसं सहज विचारलं, "काय मंडळी, कंटाळलात ना?" मग दुसऱ्या बाजूने चढून ते उजव्या सीटवर बसले, मांडीवर गंगेचा तांब्या घेतला. बेल्ट लावायला यज्ञेशने हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे रे, मला गुदमरतं त्याने." पुढच्या रिकाम्या सीटवर यज्ञेशने लॅपटॉप उघडा ठेवला होता, त्याच्या पडद्यावर आकडे उमटले. उजवीकडे सत्तावन्न. डावीकडे अठ्ठेचाळीस.

यज्ञेशने गाडी काढली. फाटकातून बाहेर पडताना त्याच्या मनात आलं की आपण परत तिघं आहोत. ह्या वेळी त्याने काही उचललं नाही.

मागे नाना बोलत होते. हळू, एकसारखं, त्यात मंत्र कुठला आणि गप्पा कुठल्या ते कळत नव्हतं. "आता बाजार आला हं. ही भाजीवाल्यांची भीड. आता चढ लागेल, मग पाणी दिसेल." टिंग टिंग वाजत होतं, नानांनी बेल्ट लावला नव्हता म्हणून. यज्ञेशला तो आवाज बरा वाटला. निदान ह्याचं कारण त्याला ठाऊक होतं.

पुलावर चढले आणि गाड्या थांबल्या. पुढे कुठे ट्रक बंद पडला होता. पुलाचा चौथा भागसुद्धा संपला नव्हता. मागे वळून पाहिलं तर रामनगरची दुकानं दिसत होती. ऊन चांगलं वर आलं होतं. खाली गंगा, पलीकडे दूर काशीचे घाट धुरकट रांगेत. हॉर्नचा नुसता गजर चालला होता.

"दिसतंय ना पाणी?" नाना म्हणाले. "जरा दम धरा. पोचलोच." मग ते थांबले. थोड्या वेगळ्या आवाजात म्हणाले, "अहो, इतकी घाई नको. हळू. अहो..."

आणि पुढे बोलले नाहीत.

टिंग टिंग बंद झालं.

यज्ञेशने पडद्याकडे पाहिलं. डावीकडे शून्य होतं. उतरला! त्याच्या तोंडून हुंदकाच फुटला. पाच दिवस छातीवर असलेलं ओझं गेलं आणि तो वळून नानांना सांगणार, तेवढ्यात त्याला उजवीकडचा आकडा दिसला. एकशे पाच.

तो वळला नाही. आकडा उतरू लागला. एकशे दोन. शहाण्णव. ट्यूबमधून हवा जावी तसा, सावकाश, कुठे न अडता. सत्तर. साठ. सत्तावन्नाला तो क्षणभर थबकला आणि मग त्याखाली गेला. अठ्ठेचाळीसला येऊन थांबला.

आरशात नाना दिसत होते. तीच पांढरी दाढी, तीच शाल, मांडीवर तांब्या. ते पुढे सरकून, समोरच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून बाहेर पाण्याकडे बघत होते, आणि त्यांच्या छातीवरून बेल्टचा पट्टा गेलेला होता.

"नाना?"

आरशातल्या नानांनी मान हलवली.

सेन्सर खोटं बोलतात. यज्ञेशने ते मनाशी म्हटलं, परत परत म्हटलं. पुढचा ट्रक निघाला, मागचे लोक शिव्या घालू लागले. गाडी वळवायला पुलावर जागा नव्हती. त्याने ती पुढे घेतली.

७

सामने घाट, लंका, गोदौलिया सगळं मागे पडलं. मागच्या सीटवरून एक शब्द आला नाही. मैदागिनला व्हॅन लावून तो खाली उतरला, कारण पुढे गल्ल्यांतून पायीच जावं लागतं. त्याने दार उघडलं, हात दिला. हातात आलेला हात नानांचा होता. चंदनाचा वास, करंगळीची वाकडी पेरं, सगळं त्यांचं. हात गरम होता. यज्ञेशला वाटलं, आपण उगाच भ्यालो, आता नाना म्हणतील, चल रे लवकर, पाणी द्यायचंय.

म्हाताऱ्याने रस्त्यावर उभं राहून छाती भरून श्वास घेतला. रिक्षा, गायी, फुलवाले, सगळीकडे त्याने आनंदाने बघितलं. मग नानांच्या त्या खणखणीत, पन्नास वर्षं संस्कृत म्हटलेल्या आवाजात विचारलं, "पोरा, घर कुनीकडं हाय?"

एक ओळखीचा दूधवाला समोरून गेला. "परनाम, नानाजी!" म्हाताऱ्याने हात उंचावला. तांब्या गाडीतच राहिला होता, त्याची त्याला आठवण नव्हती.

यज्ञेश पुढे चालू लागला. दुसरं काय करावं ते त्याला कळेना. त्याला भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा मोठी होती ती शरम. तो रडत चालला होता आणि मागून येणारी पावलं नानांच्याच वहाणांची होती. तो गल्ली दाखवत गेला, पायऱ्या दाखवत गेला, आणि मनात एकच गोष्ट फिरत राहिली, की पुलावरची ती जागा रामनगरकडची होती, काशीतली नव्हे. चौदा वर्षं ज्या काठावर पाय टाकला नाही, त्याच काठाशी, हॉर्नांच्या गोंगाटात, नाना राहिले होते.

दार कस्तुरीने उघडलं. तिचा चेहरा एकदम खुलला. "आलात, नाना! केवढा जीव टांगणीला लागला होता. या, हातपाय धुवा, पानं वाढतेच."

म्हातारा उंबऱ्यावर क्षणभर थांबला, आत कुणी अडवत नाही असं बघितलं, आणि घरात गेला.

यज्ञेश गल्लीतच उभा राहिला. त्याला उलट पावली पुलावर जायचं होतं. पण तिथे जाऊन हाक कशी मारायची, जवळ कसं बसायचं, बोलत बोलत माणसाला ह्या काठाला कसं आणायचं, हे ज्याला येत होतं असा एकच माणूस त्याच्या माहितीत होता.